हरकती व सूचना

सुनावणी अकराची, सुरू झाली पावणेबाराला.
मार्केट यार्डाचं सभागृह, पंखे सहा, फिरणारे चार,
खुर्च्यांच्या पाठींवर गेल्या हंगामाचे पिवळे हात.
मला गोदामातून उसनी आणलेली, इतिवृत्त टंकायला.
मराठी चाळीसचा वेग, चुका कमी,
तोंड बंद ठेवते असा लौकिक.

मसुदा म्हणत होता :
संगणकात कुणी शिरलं तर सहा तासांत कळवावं.

पुण्याहून आलेला कंपनीचा माणूस म्हणाला,
आधी आग विझवायची का अर्ज भरायचा?
उद्योगाला सोबत घ्या. सक्ती नको.
मी शब्दशः टंकलं. अर्धं मला पटलंही.
कुपवाडचा फाउंड्रीवाला म्हणाला, आमच्याकडं एकच पोरगा,
तोच बिलं करतो, तोच व्हायरस काढतो, चहा सांगायलाही तोच.
दंड पंचवीस लाख? मग कारखानाच लिहून घ्या.
‘हशा’ असं टंकलं, मग खोडलं.
एक वकीलबाई उठल्या : आम्ही सरकारला कळवायचं, ठीक.
सरकारचंच घर फुटलं, तर सरकारनं कुणाला?
साहेब पाणी प्याले.
मी टंकलं, नोंद घेण्यात आली.

मधल्या सुट्टीत साहेब नि पुण्याचा माणूस खिडकीशी,
मसुद्याची प्रत दोघांच्या हातांवर आडवी.
याच यार्डात पूर्वी रुमालाखाली बोटं धरून
हळदीचा भाव ठरायचा म्हणे;
आणि ज्याची हळद, तो पोत्याला टेकून
रुमालाकडं बघत राहायचा.

तीन वाजता आण्णाप्पा मगदूम, हरिपूर, वय एक्याऐंशी.
कॉम्प्युटरातलं मला कळत नाही, म्हणाले, पेवातलं सांगतो.
तीन पुरुष खोल. हळद भरायची, तोंड लिंपायचं,
वरनं बैलगाडी गेली तरी खाली काय आहे कळू नये.
एका पुरात पाणी वरनं आलंच नाही. खालनं आलं.
लिंपण तसंच, कोरडं ठणठणीत.
पेववाल्याला श्रावणातच वास लागला होता.
बोलला नाही. गिऱ्हाईक जाईल म्हणून.
बोलला असता तर शेजारची चार पेवं उपसता आली असती.
साहेब म्हणाले, मुद्द्यावर या.
आलो की, म्हणाले मगदूम, आणि बसले.

माझी बोटं तिथंच थांबली.

आषाढात आमच्या गोदामाचा पडदा काळा झाला होता.
तौफिक मुजावरनं आधी मला बोलावलं, मग शेठना.
इंग्रजीत चार ओळी, खाली घड्याळ उलटं पळत होतं.
तीन दिवस काटा बंद. चौथ्या दिवशी पावत्या निघू लागल्या.
पैसे कुठल्या वाटेनं गेले, विचारलं नाही.
‘बोलू नका’ असंही कुणी म्हटलं नाही.
पेढे दिले.

चार हजार दोनशे नावं होती त्यात.
खातं, आधार, अंगठा.
खातं बदलता येतं.
त्यातले दोघंतिघं आज मागं भिंतीशी उभे होते,
खुर्च्या संपल्यानं.

संध्याकाळी आयर्विनवरनं सांगलीवाडीला, घरी.
पुलाच्या खांबावर फूट रंगवलेत, लांबनं वाचता येतात.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका;
भाजीवाली, तहसीलदार, शाळेतलं पोर,
पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा.
त्यानं पाणी काही उतरत नाही.
पण लोक गाद्या माळ्यावर टाकतात,
म्हशींचे दावे सोडतात,
शेजारणीचं दार वाजवतात.

हरकती द्यायला तीस तारखेपर्यंत मुदत आहे.
नमुन्यात तीन रकाने : नाव, पत्ता, म्हणणं.
पहिले दोन भरून झाले.
तौफिकला फोन लावला :
आषाढातली ती तारीख कुठली रे?
तो बराच वेळ गप्प.
मागं कुणाचातरी टीव्ही चालू.
मग म्हणाला, तारीख कशाला ताई,
वेळसुद्धा लिहून ठेवलीय मी.